मधुसूदनचं दुसरं बारसं

चाळिशी उलटलेल्या माणसाच्या बारशाला जाऊन मी घुगऱ्या खाल्ल्या आहेत. तुम्ही खरं मानणार नाही, आजवर कोणीच मानलेलं नाही. बाळ पाळण्यात मावेना, म्हणून पाळण्याला त्याचा फक्त अंगठा लावला होता.

काल दुपारी दुकानात हीच गोष्ट सांगत होतो. समोरचा मिठाईवाला भैयाजी मला म्हणाला, नत्थूजी, एकदा लिहून ठेवा, म्हणजे निदान दर वेळी वेगळी तरी होणार नाही. आता लिहायला बसलो आहे. काल जशी सांगितली तशीच लिहितो. जिथे थांबलो तिथेच थांबेन.

नागपूरच्या महाल वस्तीत माझं पत्रावळी आणि द्रोणांचं दुकान आहे. पळसाची पानं रामटेककडून बैलगाडीनं येतात आणि मागच्या ओसरीत चार-पाच बायका बांबूच्या बारीक काडीनं ती टाचत बसतात. त्यातली पांढऱ्या केसांच्या खुंटांवरून लाल अलवण ओढलेली म्हातारी म्हणजे यमुताई. गल्लीच्या टोकाला वामनरावांचं घर होतं, त्या घरची ही धाकटी सून. वामनराव गेले, वाटण्या झाल्या, आणि यमुताईंच्या वाट्याला माझी ओसरी आली. गोष्ट त्यांचीच आहे. त्यांच्यासमोर कशी सांगता, असं मला नवीन गिऱ्हाईक विचारतं. मी सांगतो, त्यांना ऐकू येत नाही. हाक मारली तर खरंच कधी वळून पाहत नाहीत.

वामनरावांचा धाकटा भाऊ मधुसूदन हा यमुताईंचा नवरा. शाळेत माझ्या शेजारी बसायचा. खोडी दोघांची, पण मी खोटं बोलून सुटायचो आणि मार त्याला बसायचा, कारण मास्तरांनी विचारलं की याच्या तोंडून खरंच निघायचं. पुढे तो कचेरीत कारकून झाला. मग कोणीतरी सांगितलं की रंगूनला कारकुनाला दुप्पट पगार आहे, आणि तो गेला. तेव्हा नागपुरात प्लेग आला नव्हता. यमुताईंना मूलबाळ नव्हतं, वय विशीच्या आतबाहेर. वर्षभर पत्रं आली, मग थांबली. वामनरावांनी कचेरीत विचारलं, रंगूनहून येणाऱ्या माणसांना विचारलं. कोणी म्हणालं, तिकडे पटकीची साथ होती. कोणी म्हणालं, नोकरी सोडून वरच्या मुलखात गेला. मग आमच्याकडेच प्लेग आला, सगळं गाव झोपड्या बांधून बाहेर राहायला गेलं, आणि एका हरवलेल्या माणसाबद्दल बोलायला कोणाजवळ वेळ उरला नाही.

यमुताई कुंकू लावत होत्या. सकाळी पाण्याला निघाल्या की ते एवढं मोठं दिसायचं, की मी म्हणायचो, किल्ल्यावरच्या गोऱ्या शिपायाला सूर्य उगवला असं वाटून त्यानं तोफ उडवली. भैयाजी इथे नेहमी हसतो. कालही हसला.

वामनरावांना तुम्ही वाईट समजाल, तर समजू नका. तसा सरळ माणूस मी महालात दुसरा पाहिला नाही. पितृपक्षात ते माझ्याकडून पत्रावळी न्यायचे आणि दर वर्षी पायरीवर बसून तेच बोलायचे. बापाचा पिंड आहे, आईचा आहे, काकांचा आहे. मधूचं काय करू? जिवंताला पिंड देता येत नाही, आणि मेला असेल तर त्याला दिल्यावाचून मला पाणी जात नाही. तो तहानलेला फिरत असेल, नत्थूजी. एवढं बोलून ते समोरचा पाण्याचा पेला तसाच ठेवून उठायचे.

बारा वर्षं झाली, कुठलीच खबर नाही. तशा माणसासाठी पोथीत एक विधी सांगितला आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तो माणूस समजून त्याला जाळायचा, आणि मग दिवस, पिंड, सगळं रीतीनं करायचं. म्हणजे त्याची वाट मोकळी होते. वामनरावांनी शास्त्रीबुवांना बोलावलं. पानांसाठी माझ्याकडे आले.

मी रोज त्या पानांचं ताट करतो, तीच पानं. फक्त देठ लांब ठेवून द्या म्हणाले. हाताला इतकी, पायाला इतकी, छातीला इतकी, असा पोथीत हिशेब ठरलेला असतो. डोक्याच्या जागी नारळ. ओटीवर शास्त्रीबुवा बांधत होते आणि मी पानं पुढे करत होतो. बांधून झालं तेव्हा तो मधूपेक्षा थोडा उंच झाला होता.

माजघराच्या दाराआड यमुताई उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "आणि ते परत आले तर?"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. पण शास्त्रीबुवा जाणते होते, त्यांनी नीट उत्तर दिलं. म्हणाले, त्याचीही सोय आहे. ज्याला असं जाळलं तो माणूस परत आला, तर त्यानं नव्यानं जन्म घ्यायचा. तुपानं भरलेल्या भांड्यात त्याला बुडवून बाहेर काढायचं, तोच त्याचा जन्म. मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळे संस्कार पुन्हा. आणि शेवटी त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं.

ओटीवरच्या एक-दोघांना हसू आवरलं नाही. एवढा मोठा बाप्या तुपात बुडवायचा म्हणजे भांडं केवढं, असं कोणीतरी कुजबुजलं. कोणीतरी म्हणजे मीच असेन, माझ्या तोंडाचा काही भरवसा नाही.

आतून यमुताईंनी विचारलं, "तूप किती लागतं?"



नागनदीच्या काठी पुतळा जाळला. ओली पानं होती, धूर फार झाला. वामनराव लहान मुलासारखे रडले, आणि घरी येऊन कितीतरी वर्षांनी पोटभर पाणी प्याले. हे मी पाहिलं आहे. मग न्हावी आला. आत यमुताईंचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, डोकं केलं. तेवढा वेळ वामनराव माझ्या दुकानाच्या पायरीवर घराकडे पाठ करून बसले होते. मी म्हटलं, हे एवढं नाही केलं तर चालणार नाही का? ते म्हणाले, नत्थूजी, धर्म म्हणजे तुमची ही काडी आहे. दिसत नाही, पण पानं धरून ठेवते. एका पानासाठी काढली तर सगळीच सुटतात. माणूस खोटं बोलत असेल तर मी त्याच्याशी तासभर भांडू शकतो. पण हे खरं बोलत होते.

पुढे वामनरावांची बायको एकदा माझ्या बायकोजवळ कुरकुरली. यमूला एकच वेळ जेवायचं असतं, त्यावर घरचं तूप वाढते, तर ती खात नाही. वाटीत काढून ठेवते आणि मागच्या कोनाड्यात एक मातीची घागर आहे, तिच्यात नेऊन ओतते. विचारलं तर सांगत नाही. माझ्या बायकोला काही कळलं नाही. मला कळलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. हे मी थट्टेनं नाही लिहिलं.

आता तो दिवस. दिल्लीला बादशहाचा मोठा दरबार भरला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या चौकात संत्र्यांचे ढीग लागले होते. एकेक संत्रं एवढं, की दोन माणसांनी उचलून... जाऊ द्या, भैयाजी कालही इथेच म्हणाला की संत्री सोडा गा, पुढे चला.

सकाळचं ऊन चढत होतं. चौकातून पिवळ्या वस्त्रातला एक साधू आला. डोकं तुळतुळीत, हातात काळं भांडं. आमच्याकडे गोसावी येतात, फकीर येतात, नानकशाही येतात, पण हा काही मागत नव्हता, काही ओरडत नव्हता. पोरं म्हणाली, मुका आहे. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. डावं पाऊल थोडं बाहेर टाकत चालत होता. मास्तरांचा मार खाऊन बाकाकडे परत येताना ते पाऊल मी शंभर वेळा पाहिलं होतं.

मी दुकानातून उतरलो आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. "मधू नाही का गा तू?"

तो थांबला. मराठी त्याला जणू पेटीच्या तळातून काढावी लागत होती. मग म्हणाला, "होतो."

पायरीवर बसला नाही, उभाच राहिला. थोडं थोडं करून सांगितलं. साथीत त्याच्या खोलीतली सगळी माणसं गेली होती, त्यांना उचलायला मठातले भिक्खू आले. त्यांच्या मागे गेला आणि तिकडेच राहिला. आता आपल्या म्हाताऱ्या गुरूंबरोबर इकडची तीर्थं करून, मुंबईला जाऊन पुढे सिंहलद्वीपाची बोट धरायची होती. गुरूंना गाडीत ताप भरला म्हणून स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरले. दोघांपुरती भिक्षा न्यायची, आणि दुपारच्या आत खाऊन व्हायला हवी. मी म्हटलं, स्टेशनजवळ घरं नव्हती? तो म्हणाला, "पाय इकडे वळले. तेवढं अजून राहिलंय."

मी त्याला सांगितलं, "वामनरावनं तुले जाळलं गा. पळसाचा करून. पानं माह्याच दुकानातली."

"केव्हा?"

"मागच्या साली."

तो जरासा हसला. म्हणाला, मी त्याच्या कितीतरी आधी मेलो. दादांना सांग, त्यांनी काही चुकीचं केलं नाही.

मला राग आला. त्याच्या धर्मात रागावत नसतील, माझ्या पत्रावळीच्या धंद्यात रागावता येतं. मी म्हटलं, आणि वहिनी? ती नाही मेली. ती आहे. तिच्या... आणि पुढचं मी बोलणार, तेवढ्यात त्यानं हात वर केला. ऐकायचं नाही म्हणून झिडकारल्यासारखा नाही, हळूच, म्हातारं माणूस उन्हापुढे हात धरतं तसा. म्हणाला, "मी त्या दारी जाणार आहे. सगळ्या दारी जातो तसाच. दार चुकवायचं नाही आणि दारात रेंगाळायचं नाही."

मग त्यानं मला त्यांची रीत सांगितली. भिक्षेला उभं राहिलं की नजर भांड्यात ठेवायची. देणाऱ्याचं तोंड पाहायचं नाही. बाईनं दिलं की बुवानं, कोणी दिलं, किती दिलं, मनात आणायचं नाही. पडेल ते घ्यायचं, काठाच्या वर घ्यायचं नाही. मी विचारलं, हा कसला गा धर्म, की बायकोच्या दारात जाऊन बायकोकडे पाहायचं नाही? तो म्हणाला, धरलेलं सोडायला शिकायचं, एवढाच. जे माझं म्हणून धरलं होतं, त्यातलं काहीच माझं नव्हतं, हे दिसलं. मी म्हटलं, वामनराव तर म्हणतात, धरून ठेवतो तो धर्म. तो म्हणाला, दादांचंही बरोबर आहे.

दोन माणसं, दोघंही आईच्या दुधावर शपथ घ्यावी इतकी खरी, आणि त्यांच्या मधे एक बाई घागरीत तूप साठवत होती.

तो गल्लीत शिरला आणि मी समोरच्या ओट्याओट्यानं मागे गेलो. पहिल्या दारी पुतळाबाई सुपात पीठ घेऊन आल्या. आमच्याकडे साधूला कोरडा शिधा घालतात, पीठ नाही तर तांदूळ. यांच्यात कच्चं धान्य घेत नाहीत आणि चूल पेटवत नाहीत. त्यानं भांड्यावर हात ठेवला आणि पुढच्या दारी गेला. पुतळाबाई म्हणाल्या, मस्ती पाहा. दुसऱ्या दारी तांदूळ, तिसऱ्या दारी पुन्हा पीठ. शिजलेलं कोणाकडे असणार? देवाला नैवेद्य झाल्याशिवाय भात पातेल्याबाहेर निघत नाही, आणि नैवेद्य व्हायला दुपार होते. भांडं रिकामंच होतं. ऊन डोक्यावर येत होतं. असा तो वामनरावांच्या दारात जाऊन उभा राहिला.

आत वामनरावांची पूजा चालू होती, घंटा वाजत होती. दारात यमुताई आल्या. हातात पीठ होतं. त्यांनी त्या खाली झुकलेल्या डोक्याकडे पाहिलं, मग पायांकडे. तशाच आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या बाहेर आल्या तेव्हा हातात भाताचं पातेलं होतं. वाफ निघत होती. त्या घरात देवाच्या आधी कोणाला शीत मिळालं नव्हतं. त्यांनी ते सगळं पातेलं त्याच्या भांड्यात उलटं केलं. पुन्हा आत गेल्या आणि ती घागर घेऊन आल्या.

वर्षभराचं तूप. एका वेळच्या जेवणातून काढलेलं. त्यांनी घागर कलती केली. थंडीनं थिजलेलं होतं, लवकर पडेना. मग गरम भाताची वाफ लागून सुटलं आणि धार लागली. भांडं काठोकाठ भरलं. तेव्हा त्यानं रीतीप्रमाणे भांड्यावर हात ठेवला. पण यमुताई थांबल्या नाहीत. तूप त्याच्या हातावर पडत राहिलं, बोटांमधून, मनगटावरून, पिवळ्या वस्त्रावर, उंबऱ्यावर. सगळी घागर रिकामी होईपर्यंत. आत घंटा वाजतच होती.

दोन डोकी, दोन्ही सारखी भादरलेली. एकानं स्वतः केलेलं, दुसरीचं लोकांनी.

इथपर्यंत मी ही गोष्ट नेहमी जशीच्या तशी सांगतो. काल भैयाजीच्या हातातलं पान तसंच राहिलं होतं. गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाई द्रोण मोजायचे विसरून उभी होती.

मी म्हणालो, आणि मग त्यानं मान वर केली. मी समोरच्या ओट्यावरून पाहिलं, एवढ्या अंतरावरून, माझे डोळे तेव्हा घारीसारखे होते. त्यानं तिचं कपाळ पाहिलं, तिचं डोकं पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि भांडं त्याच्या हातातून सुटलं. "यमू," म्हणाला. वामनराव घंटा घेऊनच बाहेर धावत आले. शास्त्रीबुवांना बोलावलं. शास्त्रीबुवा म्हणाले, वेगळं तूप कशाला, जन्म तर उंबऱ्यावरच झाला आहे, नखशिखांत तुपानं माखला आहे हा. लगेच सुईण बोलावली. सुईण म्हणाली, इतक्या वर्षांत पहिलंच मूल, जे जन्मल्यावर रडायच्या ऐवजी मंत्र म्हणतं. बाराव्या दिवशी बारसं. शेजारून पाळणा आणला, त्याला अंगठा लावला. नाव काय ठेवायचं यावर तासभर वाद झाला, शेवटी मधुसूदनच ठेवलं. मी स्वतः ओंजळभर घुगऱ्या खाल्ल्या, आणि मुंज झाल्यावर लग्नात यमुताईंनी कुंकू लावलं ते एवढं...

इथे भैयाजी हसायला हवा होता. तो हसला नाही. तो माझ्या खांद्यावरून मागे पाहत होता. ओसरीतला पानं टाचण्याचा आवाज थांबला होता.

"नत्थूजी, खोटं सांगता तुम्ही," यमुताई म्हणाल्या. मान वर केली नाही, काडी हातातच होती. "त्यांनी वर पाहिलंच नाही. ते पुढच्या दारी गेले. मला हाक मारता येत होती. मी नाही मारली."